आधी कोरड्या विहिरी

काळाचौकीच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर दगड चाटणारा माणूस राहतो, हे मला आधी कळलं. तो माणूस नंतर भेटला.

गिरण्यांचा संप सुरू होऊन पाच-सहा महिने झाले होते. मी एका मराठी दैनिकात कामगार वार्ताहर होते आणि संपकऱ्यांच्या घरात चूल कशी पेटते हे पाहायला चाळी फिरत होते. त्या चाळीच्या गॅलरीत सात-आठ बायका ओळीने बसून मांजरपाटाच्या पिशव्या शिवत होत्या. पिशव्या तळहाताएवढ्या, तोंडाशी नाडी. शेजारी शंभर-शंभराचे गठ्ठे. एवढ्याशा पिशवीत काय भरणार, असं मी विचारलं.

"दगड," एक जण म्हणाली. "समुद्राच्या पोटातले. दगडांका कपडे शिवतंव आमी. माणसांका मेळनत नाय."

बाकीच्या हसल्या. बोलणारी त्या माणसाची धाकटी भावजय होती. तिचा नवरा गिरणीत कापड विणणारे साचे चालवायचा, म्हणजे संपावर होता. थोरला दीर सरकारी तेल कंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ होता. चाळ त्यांना आप्पा म्हणायची. समुद्रात तेलासाठी विहीर खोदताना दर काही मीटरला दगडाचा चुरा वर येतो. तो धुवायचा, वाळवायचा, पिशवीत भरायचा आणि पिशवीवर विहिरीचं नाव व खोली लिहायची, अशी पद्धत. कचेरीला अशा पिशव्या हजारांनी लागत. आधीच्या पुरवठादाराच्या पिशव्या गळायच्या, एका खोलीवरचा चुरा दुसऱ्या खोलीवरच्या चुऱ्यात मिसळायचा. आप्पांनी वरिष्ठांना लिहून कळवलं की दुहेरी शिवण हवी आणि ती आपल्या चाळीतल्या बायका घालतात. त्यामुळे हे काम चाळीत आलं होतं.

उपकार म्हणून आलं असावं, असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. प्रत्येक गठ्ठ्यातली एक पिशवी आप्पा स्वतः निवडत, तिच्यात बारीक रवा भरत आणि वर्तमानपत्रावर धरून वीस वेळा हलवत. कागदावर रवा दिसला की सगळा गठ्ठा परत.

"सख्ख्या भावजयीचो गठ्ठो दोनदा परत केल्यान," ती बाई म्हणाली. "आणि रवो खंयचो? माझ्याच डब्यातलो!"

त्या संध्याकाळी आप्पा भेटले. बुटके, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं छोटं भिंग. चाळीतल्या बायका त्याला आप्पांचं मंगळसूत्र म्हणत. ते भिंग आंघोळीलाच काय ते उतरत असे.

भिंगाखाली न गेलेली वस्तू त्या घरात येत नव्हती. वाण्याकडे तांदूळ घेताना ते चार दाणे तळहातावर ठेवून पाहत आणि वाण्याला सांगत, "कडा झिजल्यात. गिरणीत फार फिरवलाय." वाणी त्यांना शेवटी पोत्यातले दाणे स्वतःच निवडून द्यायला लागला. लालबागच्या बाजारात वरळीची एक कोळीण बसायची. तिच्याकडे ते तिसऱ्या घ्यायचे आणि शिंपल्यांवरच्या रेषा मोजत उभे राहायचे. ती ओरडायची, "अरे आप्पा, बघ हवं तेवढं, पण चाटू नको हां! बाकीची गिऱ्हाईकं पळतील माझी."

चाटण्याला कारण होतं. चिकणमातीचा दगड जिभेला चिकटतो, वाळूचा चिकटत नाही, आणि कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा हे लवकर कळतं, असं त्यांचं म्हणणं. मी ते आधी गमतीत घेतलं होतं. मग चाळीची दुरुस्ती निघाली. ठेकेदाराने वाळूचा ट्रक अंगणात उभा केला. कामावरून येणाऱ्या आप्पांनी जाता जाता चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली, थुंकली आणि म्हणाले, "ही खाडीची आहे. नीट धुतलेली नाही. नदीची म्हणून आणलीस ना? हिच्यात मीठ आहे. पाच वर्षांत लोखंड खाऊन टाकेल." ठेकेदार हसला. आप्पांनी अंगणातच एका काचेच्या ग्लासात वाळू धुतली, ते पाणी ताटलीत ओतून उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताटलीत पांढरी किनार होती. ट्रक परत गेला. भोईवाड्यापर्यंत कुठेही बांधकाम निघालं की त्यानंतर लोक पुडीत वाळू बांधून तिसऱ्या मजल्यावर यायचे.

"नक्की" हा शब्द त्यांच्या बोलण्यात नव्हता. प्रत्येक गोष्टीला ते दहापैकी गुण देत. लग्नाला येणार का? "दहात सात." डाळ शिजली का? "दहात नऊ." त्यांच्या लग्नाची बोलणी याच सवयीवर मोडली होती. मुलीचे वडील दादरचे, कारकुनी पेशातले. त्यांनी विचारलं, नोकरी मुंबईतच राहील ना? आप्पा म्हणाले, "दहात चार." वडिलांनी चहा संपवला आणि निरोप घेतला. नंतर आप्पांची बदली आसामात झाली आणि तीन वर्षं ते तिकडेच होते. म्हणजे त्यांनी दिलेले चार गुणही जास्तच होते. लग्न पुढे झालंच नाही.

ही सवय त्यांना सर्वांत महाग पडली ती संपात. संप सुरू होण्याआधी अंगणात सभा झाली होती. भाषणं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, आपल्या चाळीत एकच शिकलेला माणूस, त्याला विचारा. धाकट्या भावानेच विचारलं, "आप्पा, आमी जिंकतलंव मां?"

आप्पांनी विचार केला. ते नेहमी विचार करत, लोक खोळंबून बसले असले तरी. म्हणाले, "मागणी रास्त आहे. जिंकण्याचं म्हणशील तर दहात एक."

भाऊ म्हणाला, "तू आमचो की मालकांचो?"

"तुमचाच. म्हणूनच दहात एक सांगतोय. मालकांनी विचारलं असतं तर मी बोललोच नसतो."

त्या दिवसापासून भाऊ त्यांच्याशी बोलायचा बंद झाला. दहा बाय बाराची खोली, तीत दोघे भाऊ, भावजय आणि दोन मुली. निरोप भावजयीमार्फत जात. "त्यांका सांग, रॉकेल संपलां." "त्याला सांग, आणतो." हे दोन वर्षं चाललं. घर आप्पांच्या पगारावर चालत होतं, आणि त्याचा उल्लेख आप्पांनी एकदाही केला नाही, असं भावजय सांगते. संपाचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. "मी म्हणालो होतो" हेही आप्पा कधी बोलले नाहीत. मी एकदा तसा विषय काढला तर म्हणाले, "दहात एक म्हणजे शून्य नव्हे. तो एक आला असता तर मला फार बरं वाटलं असतं."

भावाचा अबोला सुटला तेव्हा मी तिथे होते. जमिनीखाली तेल कसं साचतं हे वाचकांना सोपं करून सांगायचं होतं, म्हणून मी आप्पांकडे गेले होते. त्यांनी भिंतीशी रचलेल्या गोधड्या ओढल्या, एकीवर एक पसरल्या आणि सगळ्यांच्या खाली मधोमध पोळपाट सरकवला. गोधड्यांना उंचवटा आला.

"तेल पाण्यापेक्षा हलकं. ते वर वर चढतं आणि या उंचवट्यात येऊन थांबतं. थांबतं कधी? खालची गोधडी विरळ विणीची हवी, तिच्यात तेल मावतं. आणि वरची घट्ट. वरची घट्ट नसेल तर सगळं निघून जातं."

भाऊ भिंतीकडे तोंड करून कॉटवर पडला होता. तो न वळता म्हणाला, "घट्ट म्हणजे काय? बाण्याचे धागे इंचाक किती, ता सांग."

भावजयीचा हात पिठातच थांबला. आप्पांनी वर पाहिलं नाही. वरच्या गोधडीचं कापड भिंगाखाली धरून ते म्हणाले, "किती असतील?"

"त्या भिंगान काय दिसतला तुका? हय हाड." भावाने उठून कापड बोटांत चोळलं. "बावन. ह्याच्यातून पाणी जाता. तुका तेल अडवचा आसात तर ऐंशीच्या खाली नको."

आप्पांनी वहीत लिहून घेतलं. पुढे कचेरीत नव्या मुलांना शिकवताना ते "ऐंशीचं कापड" असा शब्द वापरत. मुलांना तो पुस्तकातला वाटायचा.

गिरण्या गेल्या तशी आमच्या पेपरातली कामगारांच्या बातम्यांची बीटही गेली. संपादक म्हणाले, "आता पैसा समुद्रात आहे म्हणतात. तिकडे जा." मला अर्थ-वाणिज्य पानावर पाठवलं. आप्पा पुन्हा भेटले ते असे.

सरकारने समुद्राचे पट्टे आखून खाजगी आणि परदेशी कंपन्यांना तेल शोधायला बोलावलं होतं. देशाची गरज वाढत होती आणि खोदायला पैसा पुरत नव्हता. समुद्रातल्या एका विहिरीला कित्येक कोटी लागतात, आणि बहुतेक विहिरी कोरड्या निघतात. दुसऱ्या कोणी पैसा घालावा, तेल लागलं तर वाटा द्यावा, असा हा व्यवहार. निविदांच्या आधीच्या फेऱ्यांना फारसं कोणी आलं नव्हतं. या वेळी मोठ्या हॉटेलात सभा झाल्या, रंगीत नकाशे लागले, जाड कागदावर पुस्तिका छापल्या गेल्या. हे सगळं आप्पांचे वरिष्ठ बघत होते. हुशार, कामसू, दादरचे गृहस्थ. कचेरीत त्यांना मोठे साहेब म्हणत.

हॉटेलात पाहुण्यांना उत्साह येत असेल, निर्णय मात्र होत होता दक्षिण मुंबईतल्या कचेरीच्या चौथ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत. तिथे लांब टेबल होतं, आणि कपाटांत प्रत्येक विहिरीच्या नोंदीच्या कागदी गुंडाळ्या. ज्या कंपनीला पट्टा घ्यावासा वाटेल तिची माणसं दोन दिवस त्या खोलीत बसून नोंदी पाहणार. आत फक्त पेन्सिल न्यायची, प्रत काढायची नाही. या खोलीची जबाबदारी आप्पांवर होती.

त्यांची रीत ठरलेली होती. पाहुणे बसले की आधी कोरड्या विहिरींच्या गुंडाळ्या टेबलावर. एकेक उलगडून ते सांगत, ही आम्ही इथे खोदली, अमुक अपेक्षा होती, ती का चुकली असं आम्हाला वाटतं. पहिला दिवस त्यात जायचा. तेलाच्या, वायूच्या खुणा दुसऱ्या दिवशी.

मोठे साहेब वैतागत. "अहो, गिऱ्हाईक दुकानात आल्यावर तुम्ही फाटका तागा आधी काढता का?"

"साहेब, त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त शिकलेली माणसं आहेत. कोरड्या विहिरी ते शोधणारच. आपण दाखवल्या तर शोधण्यातला वेळ वाचेल, तो ते विचार करण्यात घालवतील."

"आणि पळून गेले तर?"

"जे पळून जाणार ते दोन कोरड्या विहिरी खोदून पळण्यापेक्षा आजच जाऊ देत."

यापुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. खोलीत हजर असलेल्या दोघांकडून तो मी वेगवेगळा ऐकला. एक तेव्हाची कनिष्ठ अधिकारी, दुसरे स्वतः मोठे साहेब. दोघांचं जुळलं तेवढंच लिहिते.

फेरीची मुदत संपत आली होती. कोकणासमोरच्या एका पट्ट्यावर साहेबांचा भरवसा होता, कारण तिथल्या एका जुन्या विहिरीत तेलाच्या खुणा मिळाल्याची नोंद होती. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ती विहीर सोनेरी ठिपक्याने दाखवली होती. एका परदेशी कंपनीचे तिघे जण आले. त्यांचा प्रमुख पांढऱ्या भुवयांचा, स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ, फार न बोलणारा. पहिला दिवस कोरड्या विहिरींत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुस्तिका उघडली, ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ही विहीर दाखवा म्हणाला. साहेबांनी स्वतः गुंडाळी काढून पसरली. नोंदीच्या तळाशी सही होती. आप्पांची, वीस वर्षांपूर्वीची.

आप्पांनी चष्मा काढून पुसला, असं कनिष्ठ अधिकारी सांगते. साहेब म्हणतात, पुसला नाही. चष्म्याचं सोडून देते. पुढच्या वाक्यावर दोघांचं एकमत आहे.

"ही नोंद चुकीची आहे," आप्पा म्हणाले. "ते तेल नव्हतं. आम्हीच ओतलेलं डिझेल होतं."

मग त्यांनी सांगितलं. विहीर खोदताना नळ अडकला होता. तो सुटावा म्हणून आधीच्या पाळीच्या लोकांनी विहिरीत फिरणाऱ्या चिखलात डिझेल सोडलं. पाळी बदलताना ते सांगायचं राहिलं. आप्पा पुढच्या पाळीला होते. वर आलेले दगडाचे तुकडे त्यांनी जांभळ्या दिव्याखाली धरले, कारण तेल लागलेला दगड त्या दिव्यात चमकतो. तुकडे चमकले.

"डिझेलची चमक निळसर पांढरी असते. तेलाची पिवळी. मी सव्वीस वर्षांचा होतो, समुद्रावरची पहिली विहीर. मी निळसर पाहिली आणि पिवळी लिहिली. मला तेल हवं होतं."

हे बोलून ते कपाटाकडे गेले आणि त्याच विहिरीच्या खोदकामाची रोजनिशी घेऊन आले. डिझेल किती वाजता सोडलं ते तिच्यात होतं. तळाचा चुरा वर यायला किती वेळ लागतो तेही होतं. त्यांनी बेरीज करून दाखवली. ती त्यांच्या नोंदीतल्या वेळेवर येऊन थांबत होती. चूक दुसऱ्याच दिवशी लक्षात आली होती. त्यांनी दुरुस्तीचं पत्र पाठवलं, पत्र मुख्य कचेरीत पोचलं, पण मूळ कागदाला जोडलं गेलं नाही. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मूळ कागदावर रेघ मारता येत नाही, आणि त्याच्या प्रती मात्र निघत राहिल्या.

पांढऱ्या भुवयांच्या माणसाने विचारलं, "या कपाटातल्या किती नोंदींवर तुमची सही आहे?"

"एकोणीस."

"त्यातल्या किती बरोबर आहेत?"

"सतरा. एक ही चुकीची. एकीबद्दल मला शंका आहे. ती कोणती आणि शंका काय, ते सांगतो."

जेवायला कोणी उठलं नाही. संध्याकाळपर्यंत ते चौघे त्या एकोणीस गुंडाळ्या उलगडत बसले. साहेब मध्येच निघून गेले. पाहुण्यांना गाडीत बसवून आप्पा वर आले तेव्हा साहेब व्हरांड्यात उभे होते.

"आज तुम्ही देशाचं नुकसान केलंत."

"देशाचं नाही साहेब," आप्पा म्हणाले. "पुस्तिकेचं."

त्याच आठवड्यात त्यांच्याकडून खोलीची किल्ली काढून घेतली गेली. त्यांना शिवडीच्या गोदामात पाठवलं, जिथे दगडांचे नमुने पेट्यांत ठेवलेले असतात. बढतीचे कागद वरून परत आले. निविदांची पेटी उघडायला महिना होता. पेटीत काही निघालं नाही तर खापर फोडायला माणूस ठरलेला होता. गोपनीय माहितीचा गैरवापर असा शब्द कोणीतरी तयारही ठेवला होता. चौकशी लागली असती तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर पेन्शन. भाऊ तेव्हा एका इमारतीच्या दाराशी पहारा करत होता, त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरत होतं. ते घर अजूनही आप्पांच्याच पगारावर उभं होतं.

मला हे कळलं भावजयीकडून. मी गोदामात गेले. आप्पा पेट्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या बदलत होते. हे छापते म्हटल्यावर त्यांनी हात आडवा केला.

"छापू नका. निविदांची पेटी अजून बंद आहे. बाहेरच्यांना वाटेल, इथे सगळ्याच नोंदी खोट्या. त्या नाहीत. मी वीस वर्षं त्याच सांभाळल्यात."

"आणि तुमचं काय?"

"माझी एक चुकीची होती. ती सांगितली." ते पुन्हा चिठ्ठीकडे वळले. "त्या विहिरीवर विश्वास ठेवून कोणी आलं असतं, तर बाई, त्यांनी कोट्यवधी घालून माझं सव्विसावं वर्ष खोदून काढलं असतं."

मी छापलं नाही.

पेटी उघडली तेव्हा पत्रकारांना बोलावलं होतं. सोनेरी ठिपक्याच्या पट्ट्यासाठी एकही निविदा नव्हती. त्याचा क्रमांक पुकारून झाल्यावर साहेबांनी रुमाल काढला. त्या पट्ट्याला लागून असलेला दुसरा पट्टा, ज्यात चार कोरड्या विहिरी होत्या आणि पुस्तिकेत अर्धं पान, त्यासाठी एक निविदा होती. त्या तिघांच्या कंपनीची. सोबतच्या पत्रात एक अट होती. या पट्ट्याच्या ज्या जुन्या नोंदी आम्हाला मिळतील, त्या प्रत्येकीवर तपासल्याची सही हवी, आणि ती त्या खोलीत आम्हाला भेटलेल्या भूगर्भशास्त्रज्ञाची.

बातमी म्हणून याचा शेवट साधा आहे. कंपनी आली, पैसा आला, दोन विहिरी खोदल्या. दोन्ही कोरड्या. कंपनी करार पाळून परत गेली. त्या पट्ट्यात आजवर तेल सापडल्याचं माझ्या माहितीत नाही. आप्पांना बढती मिळाली नाही. चौकशीही लागली नाही. ते होते त्याच पदावरून निवृत्त झाले. कोरड्या विहिरी खोदून गेलेल्या त्याच कंपनीने पुढच्या फेरीत दुसऱ्या समुद्रातला पट्टा मागितला. पुन्हा पहिल्या दिवशी कोरड्या विहिरी पाहायला मागितल्या, असं ती अधिकारी सांगते. ती आता त्या खोलीची प्रमुख आहे.

मोठे साहेब निवृत्तीनंतर दादरच्या घरी असतात. तिथे त्यांनी मला बाकीचं सांगितलं. पुस्तिकेच्या छपाईआधी आप्पांनी त्या ठिपक्याबद्दल त्यांना लेखी कळवलं होतं, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. "मला माहीत होतं. छापून झालंय असं मी उत्तर दिलं. तेव्हा झालं नव्हतं."

अटीचं पत्र वाचून ते स्वतः शिवडीला गेले. ड्रायव्हरला पाठवता आलं असतं, पण धीर झाला नाही, म्हणाले. आप्पा पेटीवर बसून डबा खात होते.

"चला," साहेब म्हणाले. "तुमच्या सह्या हव्या आहेत."

"किती कागदांवर?"

"त्या पट्ट्याच्या सगळ्या."

आप्पांनी घास संपवला, डब्याचं झाकण लावलं. "मग आधी तो एक काढा."

"अहो, तो पट्टा कोणी मागितलेलाच नाही! पडून राहणार तो कागद कपाटात. त्याने आता कुणाचं काय बिघडतं?"

"पुढे कधीतरी सव्वीस वर्षांचा कुणी तो उघडेल, त्याचं."

दोघे चौथ्या मजल्यावर आले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. साहेबांनी गुंडाळी काढून टेबलावर पसरली. वीस वर्षं गुंडाळून ठेवलेला कागद. सोडला की पुन्हा गुंडाळला जायचा. वजनं दुसऱ्या कपाटात होती आणि त्या कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे. साहेबांनी दोन्ही तळहात पसरून कागदाच्या कडा दाबून धरल्या. आप्पांनी लाल शाईचं पेन उघडलं, जुन्या ओळीवर एक रेघ मारली आणि तिच्याशेजारी शाळेतल्या मुलासारखं सावकाश लिहिलं: तेल नाही. डिझेल. पाहणाऱ्याची चूक. खाली तारीख घातली आणि जुन्या सहीखाली नवी सही केली.

"मी निघायला हात उचलत होतो," साहेब म्हणाले. "त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. शाई वाळेपर्यंत मला हात काढू दिले नाहीत."